यादीतलं पहिलं नाव

थर्मन आमोटच्या आजोबांनी नॉर्वेहून येताना दोन गोष्टी आणल्या. एक बिडाचा तवा आणि एक आडनाव. तवा अजून थर्मनच्या बायकोच्या, लव्हॉनच्या स्वयंपाकघरात रोज तापतो. आडनावाचं मात्र असं झालं की ते राज्याच्या विधानसभेत यादीच्या माथ्यावर जाऊन बसलं. साठ सदस्यांची नावं अक्षरांच्या क्रमाने लावलेली, आणि सगळ्यांच्या वर आमोट. एरवी तिथे बटणं दाबून मत देतात. पण विधेयक शेवटच्या वाचनाला आलं की जुन्या रीतीप्रमाणे लिपिकबाई उभ्या राहतात, एकेक नाव पुकारतात, आणि ज्याने त्याने आपल्या तोंडाने होय किंवा नाही म्हणायचं. म्हणजे त्या संगमरवरी दालनात दर वेळी पहिला आवाज उठायचा तो थर्मनचा. ज्याने स्वतःच्या लग्नातही 'हो' इतकं हळू म्हटलं होतं की पाद्रीबाबांना पुन्हा विचारावं लागलं, त्याचा.

तो कॉटनवुड फोर्कच्या खोऱ्यातला. राजधानीपासून गाडीने अर्ध्या दिवसाची वाट. तिथे वारा माणसांच्या आधीपासून राहतो आणि अजूनही आपली जागा सोडायला तयार नाही. उन्हाळ्यात तो गवताच्या गंज्या विसकटतो, हिवाळ्यात बर्फ उचलून कुंपणावरून पलीकडे नेऊन ठेवतो. त्या वाऱ्यात जन्मलेली माणसं थोडी पुढे वाकून चालतात, वारा नसला तरीही. थर्मन तसाच चालायचा. राजधानीच्या गुळगुळीत फरशीवरही.

सरकारबद्दलचं त्याचं मत त्याला बापाकडून मिळालं, जशी जमीन मिळाली तसं. बाप इंगवाल्ड. खोऱ्यात दवाखान्याची गाडी नव्हती, तेव्हा या इंगवाल्डने गावच्या अंत्यविधीवाल्याची जुनी काळी गाडी मागून आणली, आत गादी टाकली, आणि आठ शेजारी पाळी लावून ती चालवायला लागले. आजाऱ्याला आत सरकवताना म्हातारा म्हणायचा, "घाबरू नकोस रे. ही गाडी दोन्हीकडे जाते." कुणी सरकारकडे एक सेंट मागितला नाही आणि सरकारने दिला नाही. पुढे वर्गणी काढून खरी ॲम्ब्युलन्स आली. इंगवाल्ड गेला, पाळ्या पोरांकडे आणि सुनांकडे आल्या. थर्मनच्या घरातून लव्हॉन जायची. थर्मनला रक्त बघवत नसे. गाईचं चालायचं, माणसाचं नाही.

विधानसभेत तो गेला ते एका तळ्यामुळे. आगीसाठी पाणी साठवायला लोकांनी खणलेल्या तळ्याला परवाना नाही, म्हणून राजधानीतून एक माणूस नोटीस घेऊन आला. सुनावणीला थर्मन उभा राहिला आणि टोपी हातात धरून एकच वाक्य बोलला, "फावडी आमची, पाणी आमचं, आणि आग लागली तर घरंही आमचीच जळतात." त्या एका वाक्यावर खोऱ्याने त्याला निवडून पाठवलं. त्याला वाटलं, एका हिवाळ्याचं काम आहे. हा तिसरा हिवाळा चालू होता.

सभागृहात बहुतेक सगळे एकाच पक्षाचे. पण एकाच गोठ्यातलं दूधही एकसारखं घट्ट नसतं. त्या पक्षातल्या बारा जणांना वाटायचं की बाकीच्यांनी पाणी घातलंय. नवा कर नको, नवं खातं नको, माणसाच्या दारात सरकार नको, असं म्हणणारे हे बारा जण. त्यांनी आपल्या गटाचं नाव ठेवलं होतं ओळंबा. विधानसभेच्या मागच्या चर्चच्या तळघरात ते उजाडायच्या आत जमत. छताच्या पाइपाला दोरीने गवंड्यांचा एक पितळी ओळंबा टांगलेला असे, खाली कॉफीचं मोठं भांडं, आणि ट्वायला बर्कलँडने आणलेले दालचिनीचे रोल. प्रार्थना व्हायची, मग दिवसाची विधेयकं. हात वर करून ठरायचं. पाचांतले चार हात एका बाजूला गेले की पाचव्यानेही सभागृहात त्याच बाजूला मत द्यायचं. जो मोडेल त्याने अधिवेशन संपेपर्यंत तळघराची पायरी उतरायची नाही.

गटाचा पुढारी मर्ल स्टेगर. गुरांच्या बाजारात बोली पुकारणारा. एखाद्याची भुवई हलली तरी त्याला आकडा कळायचा. त्याच्याच डोक्यातून ती युक्ती निघाली होती. विधेयकं पावसासारखी यायची, मध्येच दुरुस्त्या व्हायच्या, क्रम बदलायचा, आणि बारातले निम्मे जण आपण कुठे आहोत हे विसरायचे. मर्ल म्हणाला, "सगळ्यांनी कागद बघायचेच कशाला? मी पुढे बसतो. बाकाच्या कडेवर माझा अंगठा असेल. वर म्हणजे होय, खाली म्हणजे नाही. थर्मन तो बघेल. यादीत पहिला तोच. तो जे म्हणेल ते बाकीच्यांनी म्हणायचं. झालं."

तसंच झालं. दोन वर्षं एकदाही चुकलं नाही. समोरचे लोक थर्मनला घंटावाला म्हणत, मेंढ्यांच्या पुढे घंटा बांधून चालतो तो मेंढा. थर्मन हसायचा. खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं. हळू बोलणाऱ्या माणसाच्या पाठी दहा आवाज उठतात, ही गोष्ट अंगावर ऊन घेतल्यासारखी होती.

फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी शेवटच्या वाचनाला दोनच विधेयकं होती. सकाळी गुरांच्या डागणीचं, म्हणजे मालकीच्या खुणेचं, त्याला ओळंब्याचं होय. जेवणानंतर ग्रामीण ॲम्ब्युलन्ससाठी मालमत्तेवर नवा कर लावायचं, त्याला नाही. या दुसऱ्यावर तळघरात दोघेतिघे थोडे चुळबुळले, तेव्हा थर्मननेच आपल्या बापाच्या काळ्या गाडीची गोष्ट सांगितली. "सरकार पैसे द्यायला लागलं की शेजारी यायचे थांबतात," तो म्हणाला. एवढं लांब तो कधी बोलला नव्हता. हात वर गेले. ट्वायलाने त्याच्या बशीत दुसरा रोल ठेवला.

अकराच्या सुमाराला त्याच्या खिशातला फोन थरथरला. तो बाहेर पडला आणि मोठ्या खिडकीशी उभा राहिला.

"थर्म, ऐक, मला वेळ नाही," लव्हॉनचा आवाज. मागे वारा. "ती काळी पहिलारू अडलीय. वासराचा पुढचा पाय मागे दुमडलाय. मी कोपरापर्यंत हात घातला होता, तेवढ्यात पेजर वाजला. ओटो लीन कोठारात बर्फावरून पडलाय, उठता येत नाही. मी निघाले."

"आणि कालवड?"

"कालवड तिथेच आहे. शेजारी आर्डिसला निरोप ठेवलाय. ती ऐंशीची आहे, थर्म, ती काय ओढणार? बघू."

"दुसरं कुणीतरी जाईल ना ओटोकडे—"

फोन बंद झाला होता.

तो खिडकीशीच उभा राहिला. खाली हिरवळीवर बर्फ होता आणि एक माणूस फावड्याने पायऱ्या मोकळ्या करत होता. थर्मनला आपल्या गोठ्याचा कोपरा दिसत होता. पेंढा, वाफ, आणि ती कालवड, डोळे मोठे करून दाराकडे बघणारी. कुणी येतंय का, असं बघणारी. त्याचे हात आपोआप हलले, जणू पाय सापडला असता तर त्याने तो अलगद पुढे आणला असता.

तेवढ्यात आत नावपुकाराची घंटा झाली. तो धावतच आत गेला.

त्याला जे माहीत नव्हतं ते एवढंच. डागणीचं विधेयक मांडणाऱ्या सदस्याची दाढ ठणकत होती. तो दंतवैद्याकडे गेला, आणि अध्यक्षांनी दोन्ही विधेयकांची अदलाबदल केली. ते जाहीर झालं तेव्हा थर्मन खिडकीशी होता.

"सदस्य आमोट," लिपिकबाई म्हणाल्या.

थर्मन अजून खुर्चीत नीट टेकलाही नव्हता. मर्लच्या अंगठ्याकडे त्याने पाहिलंच नाही. सकाळी ठरलेलं होतं, बघायचं काय?

"होय."

"सदस्य बर्कलँड."

ट्वायलाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. क्षणभर तिचं तोंड उघडं राहिलं. मग तिला वाटलं, शेवटच्या घटकेला मर्लने काहीतरी फिरवलं असणार, आणि ते थर्मनला माहीत असणार. "होय," ती म्हणाली. तिसऱ्याला वाटलं, ट्वायलाला माहीत असणार. एकामागून एक दहा जण होय म्हणाले, प्रत्येक जण थोडा अधिक घाईने. यादीत मर्लचं नाव बरंच खाली. पुकार तिथवर येईपर्यंत त्याचा चेहरा पांढरा पडला होता. ओळंब्यातला तो एकटा नाही म्हणाला.

निकाल वाचला गेला आणि वर प्रेक्षकांच्या सज्जात टाळ्या वाजल्या. थर्मनने वर पाहिलं. तिथे पिवळी चकाकती जाकिटं घातलेली माणसं उभी होती, राज्यभरातून आलेले ॲम्ब्युलन्सचे स्वयंसेवक. एक जाडजूड बाई डोळे पुसत होती. डागणीसाठी कुणी रडत नाही. 

मर्लने त्याला टोप्या टांगायच्या खोलीत गाठलं. तो ओरडला नाही. बोली पुकारणारे घसा जपतात.

"काय झालं?"

"मला वाटलं डागणीचं आहे."

"माझा अंगठा?"

"बघितला नाही."

मर्लने डोळे मिटले. "बाजारात हातोडा पडला की पडला. इथे नशिबाने उद्यापर्यंत वेळ आहे. फेरविचार मागता येतो. पण जो जिंकलेल्या बाजूने बोलला असेल त्यालाच तो मागता येतो. मी नाही म्हटलं, म्हणून मला मागता येत नाही. तुम्हा अकरांपैकी कुणीतरी उठायला हवं."

"मी उठतो."

"उठायलाच हवं. ज्याची गुरं कुंपण मोडतात, तार त्यानेच ओढायची. तुझ्याकडेही तसंच आहे ना?"

"तसंच आहे."

"शब्द?"

"शब्द," थर्मन म्हणाला आणि हात पुढे केला. मर्लने तो दाबला, मग सोडता सोडता म्हणाला, "कालवडीचं काय झालं?" खिडकीशी झालेलं बोलणं कुणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं. थर्मनला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी मोटेलच्या खोलीत तो पलंगाच्या कडेवर बसला होता. डब्यातल्या बीन्स गरम करून पुढ्यात घेतल्या होत्या, त्यावर साय धरत होती. फोन वाजतच होता. खोऱ्यात बातमी त्याच्या आधी पोचली होती. गुरांच्या खाद्याच्या, फीडच्या दुकानातून फोन आला, शाळेच्या बसवाल्याचा आला. मग आर्डिसचा.

"थर्मन, तू आहेस का? अगदी इंगवाल्डची आठवण आली हो," म्हातारी फोनवर नेहमीच ओरडून बोलायची. "त्या बाराजणांच्या तोंडावर होय म्हणालास म्हणे! मला वाटलं नव्हतं तुझ्यात एवढा दम असेल. राग मानू नकोस."

"आर्डिस, ते—"

"बोलू नकोस. तुझ्या घरातलं कुणी कौतुक सहन करत नाही, मला माहीत आहे. वासराला मी हात लावला, पण माझ्या मनगटात काही राहिलं नाही रे. लव्हॉन सांगेल." तिने फोन ठेवला.

तो खोटं एक अक्षरही बोलला नव्हता, आणि तरी त्याच्या अंगावर कुणाचा तरी कोट होता, चुकून उचललेला, आणि लोक त्याच्या कापडाची तारीफ करत होते. मर्लला त्याने शब्द दिला होता. खोऱ्याला एक शब्द न देताच मिळाला होता. त्याच्या तोंडाला आजवर किंमत होती ती याचीच, की त्यातून निघालेलं त्याचंच असायचं. आता उद्या तिथे उभं राहून तो काय म्हणणार होता, आणि ते कुणाचं असणार होतं?

मग लव्हॉनचा फोन आला.

"वासरू गेलं," ती म्हणाली. "कालवड उभी राहिलीय. पाणी प्यायली."

"आणि ओटो?"

"खुब्याचं हाड मोडलंय. उद्या ऑपरेशन करतील. मी आत्ता घरी आले."

"तुझ्याबरोबर कोण होतं?"

"कोण असणार? पाळी हार्लनची होती, त्याचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय. ओटोला उचलायला ओटोचाच पोरगा होता, मग तो गुरांकडे गेला. मी चालवत होते."

"मागे ओटोजवळ कुणी नव्हतं?"

"नव्हतं. म्हणून मी त्याला पाढे म्हणायला लावले. झोपून जाऊ नये म्हणून. मी पुढून विचारायची, तो मागून ओरडायचा. सातच्या पाढ्यावर अडकला." ती थोडी थांबली. "तेव्हा मी ॲक्सिलरेटरवर पाय जोरात दाबला. रस्त्यावर बर्फाची नुसती काच होती, थर्म. पण काय करू?"

थर्मनने बीन्स बाजूला सरकवल्या. "आठ जण आहेत ना पाळीवर?"

"फळ्यावर आठ नावं आहेत. त्यातला एक मेलाय. तीन जण गाव सोडून गेले. बाकीचे फोन उचलत नाहीत."

"तू सांगितलं नाहीस मला."

"तू विचारलंस कधी? रोज फोन करतोस. गाई कशा आहेत, विचारतोस." ती रागात नव्हती. तेच वाईट होतं. "लोक म्हणतात तू होय म्हणालास. मला दुपारपासून अभिनंदनं चाललीत. खरं का?"

"मला वाटलं डागणीचं विधेयक आहे."

पलीकडे ती हसायला लागली. एकदम, पोट धरून, ज्यामुळे तो तिच्या प्रेमात पडला होता तसलं हसू. आणि मग ते मध्येच संपलं.

"म्हणजे ते होय माझ्यासाठी नव्हतं."

"नव्हतं. कुणासाठीच नव्हतं. नुसतं तोंडातून निघालं. उद्या मला ते परत मागायचंय. मर्लला शब्द दिलाय."

"मग माग."

"लव्हॉन—"

"शब्द दिलायस ना? मग माग. तुझं चुकून सांडलेलं होय घेऊन मी काय करू? पण त्यानंतर जे म्हणशील ना, ते मर्लच्या अंगठ्याकडे बघून म्हणू नकोस. होय म्हण, नाही म्हण, मी जेवायला घालीन. पण तुझं तू म्हण." ती जांभई देत होती. "माझी पाठ गेलीय. ठेवते."

सकाळी तळघरात कॉफी नेहमीसारखीच कडू होती. गरम हवेच्या झोतात ओळंबा सारखा हलत होता, कुणी हाताने थांबवला तरी पुन्हा.

"काय घंटावाल्या," ट्वायला म्हणाली, "काल थेट ओढ्यातच नेलंस आम्हाला. आणि आम्हीही गेलो, तेच जास्त वाईट." दोघे हसले. तिने रोल दिला, पण त्याच्या डोळ्यांत बघून दिला.

मर्लने क्रम सांगितला. थर्मन उठेल, फेरविचार मागेल, तो मंजूर होईल, पुन्हा नावं पुकारली जातील, आणि या वेळी नाही.

"हात पुन्हा वर करायचे का?" थर्मनने विचारलं.

"कशाला? काल झालेत."

"काल मी गाडीची गोष्ट सांगितली. ती अर्धीच होती."

 थर्मनने उरलेली अर्धी सांगायला तोंड उघडलं आणि त्याला ती सापडेना. फळा, ओटो, सातचा पाढा, सगळं एकात एक गुंतलं. मर्लने घड्याळाकडे पाहिलं. "थर्मन, चार पंचमांश हात झालेत. तुझा सगळ्यांत वर होता." ते खरंच होतं.

सभागृहात त्याने टोपी काखेत धरली आणि उभा राहिला. सज्जात पिवळी जाकिटं आजही होती, आज थोडी कमी. 

"अध्यक्ष महोदय, काल मी या विधेयकाला होय म्हटलं. फेरविचार व्हावा अशी मी विनंती करतो."

सज्जातून एक आवाज आला, सुस्कारा किंवा शिवी. अध्यक्षांनी हातोडा आपटला.

"कारण असं," थर्मन पुढे म्हणाला. कारण सांगायची गरज नव्हती. मर्लने मागे वळून पाहिलं. "कारण ते होय माझं नव्हतं. मी दुसऱ्याच विधेयकावर बोलतोय असं मला वाटत होतं. माझं लक्ष घरी होतं. कालपासून लोक मला धन्यवाद देताहेत, ते मी परत करतो. आणि आणखी एक. काल माझ्यामागून दहा जण बोलले. आज माझ्या तोंडाकडे कुणी बघू नये."

तो बसला. टोपी त्याने गुडघ्यांवर ठेवली. फेरविचार मंजूर झाला. लिपिकबाईंनी यादी उचलली.

"सदस्य आमोट."

 बाकाच्या कडेवर मर्लचा अंगठा खाली होता. तो बघायचा नाही असं ठरवूनही दिसलाच.

"माझं शेवटी घ्यावं," थर्मन म्हणाला. नियमात ते बसतं. नाव पुढे ढकलता येतं.

"सदस्य बर्कलँड."

दोन वर्षांत पहिल्यांदा ट्वायलाच्या पुढे कुणाचाही आवाज नव्हता. सहा मुलांना घरी शिकवणारी ती बाई, तिची जीभ कधी अडत नसे. ती कागदाकडे बघत राहिली. अध्यक्षांनी चष्मा सारखा केला. "नाही," ती शेवटी म्हणाली, आणि ते बोलून झाल्यावर तिला घाम आलेला दिसला. ओळंब्यातला पुढचा, कोळशाच्या खाणीच्या गावचा, दोनदा खाकरला आणि होय म्हणाला. मर्लची मान ताठ झाली. पुढचा नाही. त्याच्यापुढचा होय, इतक्या हळू की लिपिकबाईंना पुन्हा विचारावं लागलं. थर्मन प्रत्येक नावाला श्वास धरत होता. तो बोटांवर मोजत नव्हता, पण मर्ल मोजत होता, आणि मर्लच्या मानेवरून कळत होतं. यादी संपत आली तशी ती मान सैल पडली. विधेयक पडलं होतं. थर्मनने आता काहीही म्हटलं तरी ते पडलेलंच राहणार होतं.

"सदस्य आमोट."

मर्लने बाकावरचा हात उचलला आणि कोटाच्या खिशात घातला. कशासाठी, हे त्याने पुढेही कधी सांगितलं नाही.

थर्मनला वाटलं होतं की नाही म्हणणं सोपं जाईल. कर त्याला आजही पटत नव्हता. राजधानीत गेलेला पैसा परत येताना पातळ होऊन येतो, हे तो मरेपर्यंत म्हणणार होता. पण ज्या शेजारधर्माची तो राखण करत होता, तो कालपर्यंत त्याला आठ माणसांचा वाटत होता. तो एका बाईचा निघाला, पाठ गेलेल्या. ती बाई त्याच्या घरात राहत होती, आणि त्याने तिला गाई कशा आहेत एवढंच विचारलं होतं.

"होय," तो म्हणाला. सज्जाच्या शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

दुपारी टोप्यांच्या खोलीत मर्ल भेटला. "उद्या सकाळी—"

"माहीत आहे. उतरत नाही पायरी."

"तार ओढलीस तू," मर्ल म्हणाला. "ते मी सांगेन सगळ्यांना. मग दुसरीकडून कुंपण मोडलंस, तेही सांगेन." त्याने हात पुढे केला. "ट्वायला रोल बाहेर पाठवते म्हणाली."

रोल खरंच यायचे, कागदी रुमालात गुंडाळून. ओळंब्याची रीत मात्र मोडली नाही. अंगठा तोच राहिला, फक्त आता तो ट्वायला बघायची. अधिवेशन संपेपर्यंत तिला नावपुकाराच्या वेळी जागेवरून हलता आलं नाही, आणि थर्मन समोरून जाताना दिसला की ती दात ओठ खाऊन म्हणायची, "मेल्या, ही घंटा तुझी होती."

खोऱ्यात लोक काही दिवस त्याच्याशी तुटक बोलले. काहींना तो पहिल्या होयबद्दल खोटा वाटला, काहींना दुसऱ्या होयबद्दल. फीडच्या दुकानात कुणी तरी म्हणालं, "आमोटने दोनदा होय म्हणून विधेयक पाडलं."  ते तसंच घडलं होतं.

मार्चमध्ये तो घरी आला आणि ॲम्ब्युलन्सवाल्यांच्या प्रशिक्षणाला जायला लागला. तिथे तो सगळ्यांत म्हातारा. रक्ताच्या धड्याला एकदा बाहेर जाऊन कुंपणाला धरून उभा राहिला आणि परत आत आला.

एप्रिलच्या एका संध्याकाळी पेजर वाजला. आर्डिस. छातीत कळ. वारा असा होता की ॲम्ब्युलन्स रस्त्यावर बाजूला बाजूला सरकत होती. पुढे लव्हॉन, मागे थर्मन, गुडघ्यांवर बसलेला, एका हाताने खाट धरलेली. आर्डिसचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि पापण्या खाली येत होत्या. दवाखाना अजून बराच लांब होता.

"पाढे, थर्म!" लव्हॉन पुढून ओरडली.

"सात एके सात," तो म्हणाला. "आर्डिस? सात दुणे?"

काही नाही. गाडीच्या पत्र्यावर वाळू आपटत होती. त्याने तिचं मनगट धरलं. नाडी लागेना, मग लागली, मग पुन्हा निसटली.

"मोठ्याने! तिला ऐकू येत नाहीये!"

"सात दुणे!" थर्मन ओरडला. आयुष्यात तो इतक्या मोठ्याने कधी ओरडला नव्हता. "आर्डिस! सात दुणे किती?"

चादरीतून आधी नुसता श्वास आला. लव्हॉनने वेग वाढवला.

"चौदा," म्हातारी म्हणाली. "आणि ओरडतोस काय? मी काय बहिरी आहे?"